मिरगाच्या आधी धनुष्याच्या दोरीचं मेण करायचंय? मग हे जमवून ठेवा

मे संपत आला की माझं हे ठरलेलं काम आणि दरवर्षी काहीतरी विसरतंच. गॅसवर मेण वितळतंय आणि मी गाळायला फडकं शोधत घरभर फिरतोय असं दोनदा झालंय, म्हणून यंदा लिहूनच काढतो.

सगळ्यात आधी दोरी कसली आहे ते बघा. ताग, अंबाडी, जवसाचा धागा असेल तर मेण भरपूर पितो आणि त्याला ते लागतंच, कारण पाणी आत गेलं की दोरी जड होते आणि ओलीच गुंडाळून ठेवली तर कुजते. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, ते पाण्याने कुजत नाही पण मेण नसेल तर धागे सुटे होऊन एकमेकांवर घासतात. फास्टफ्लाइट प्रकारच्या, म्हणजे अजिबात न ताणणाऱ्या पॉलिथिन धाग्याच्या दोरीला उष्णतेची भीती, तो धागा दीडशे अंशाच्या आसपास वितळतो आणि कमजोर त्याच्या बराच आधी होतो, त्यामुळे मेण मुरवायला हेअर ड्रायर, लायटर वगैरे अजिबात नको. आणि जुन्या बांबूच्या धनुष्याला ही न ताणणारी दोरी लावूच नका, धक्का सगळा बांबूवर येतो, डेक्रॉनच बरं.

आता मेण. मधमाशीचंच हवं. मी एकदा ऑनलाइन ‘शुद्ध’ म्हणून मागवलं आणि निघालं पॅराफिन, दोरीवरून पापुद्रे पडायला लागले तेव्हा कळलं. आता हातात आलं की आधी मोडून बघतो. खरं मेण मोडलं की कड दाणेदार आणि निस्तेज दिसते, मधाचा वास येतो, पॅराफिन गुळगुळीत असतं आणि वास नसल्यातच जमा. जुन्या मेणावर पांढरी भुरी येते ती बुरशी नाही, टाकून देऊ नका. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारं कोणी ओळखीचं असेल तर रिकामी पोळी मागून घ्या, फक्त आणल्या आणल्या वितळवा. मी आठवडाभर पिशवीत ठेवलेली, मेणकिड्याने जाळी करून ठेवली आतमध्ये. पोळी पाण्यात उकळून जुन्या पंच्यातून गाळायची, रात्रभर हलवायची नाही, सकाळी वर मेणाची चकती येते, तिच्या बुडाची काळी घाण सुरीने खरवडली की झालं.

नुसतं मेण फार कोरडं पडतं, म्हणून त्यात काहीतरी स्निग्ध घालावं लागतं आणि खरी गडबड इथेच होते. थंड देशांतल्या लोकांच्या व्हिडिओंमध्ये चरबी किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन घालतात आणि सढळ हाताने घालतात, कारण थंडीत त्यांचं मेण कडक होऊन तडकतं. आमची तक्रार बरोबर उलटी. पहिल्या वर्षी मी हुशारी करून खोबरेल घातलं. खोबरेल २४ अंशाच्या वर पातळ, म्हणजे मालवणात जवळजवळ वर्षभर पातळच. दोरी तेलकट झाली, किनाऱ्यावर सरावाला गेलो तर पुळण म्हणजे वाळू चिकटली, आणि पुळण म्हणजे पॉलिश पेपरच, दोन महिन्यांत धागे तुटायला लागले. तेव्हापासून भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. मुठीत वळलेला घट्ट गोळा मिळतो, ४० अंशाच्या आसपास वितळतो, मे महिन्यातही सावलीत गोळाच राहतो. आमच्याकडे तो आजीच्या टाचांच्या भेगांसाठी असतो, त्यामुळे कपाट उघडलं की मागून आवाज येतोच, “मेल्या, माजा तेल खंय व्हरतस?”

तिसरी वस्तू राळ, चिकटपणासाठी. काष्ठौषधीच्या दुकानात चीडाची राळ म्हणजे बिरोजा मागा, नाहीतर व्हायोलिनच्या गजाला लावतात तो रोझिन. खलात बारीक पूड करायची, पण गॅस बंद असताना. दशावतारात मशालीवर राळ उडवली की केवढा भडका होतो ते आठवा.

माझं प्रमाण १०० ग्रॅम मेण, १० ग्रॅम भिरंडेल, ५ ग्रॅम राळ. राळ वाढवली तर दोरी चिकट होऊन परत पुळणीचं दुखणं.

भांडी दोन, मोठ्या टोपात पाणी आणि त्यात छोटा स्टीलचा टोप, लोखंडी नको, मेण काळपटतं. छोटा टोप कायमचा मेणाचाच झाला समजा. डायरेक्ट गॅसवर कधीच नाही, मेण ६२-६४ अंशाला वितळतं, त्यासाठी गरम पाणी पुष्कळ झालं. आधी मेण, मग चिमूट चिमूट राळ, ती सावकाश विरघळते तर ढवळत राहायचं, भिरंडेल शेवटी. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद आणि वर झाकण, म्हणून झाकण हाताशी ठेवा.

ओतण्याआधी लाडवाच्या पाकाचा थेंब ताटलीत टाकून बघतो तसा मेणाचाही बघायचा. पूर्ण गार झाल्यावर नख दाबा. खूण उठली आणि नखाला काही लागलं नाही तर बरोबर. नखावर तेल आलं तर अजून मेण, चुरा झाला तर थोडं भिरंडेल. ओतायला करवंटी किंवा सिलिकॉनचा साचा, आप्पेपात्राकडे बघूसुद्धा नका.

पावसावरून आठवलं, १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत सर आली तेव्हा इंग्रज तिरंदाजांनी दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली ठेवल्या असं एका फ्रेंच इतिवृत्तकाराने लिहून ठेवलंय. त्यांची सर निघून गेली, आपली जून ते सप्टेंबर, दोरी किती दिवस डोक्यावर ठेवणार.

लावताना दोरीवर लव उठली असेल तिथे वडी फिरवा, मग बोटांत चामड्याचा तुकडा धरून वर-खाली घासा, हाताला ऊब लागेल एवढंच. मग साध्या दोऱ्याचा एक वेढा घालून तो दोरीवरून ओढत न्यायचा, जास्तीचं मेण निघून येतं. मधे बाण बसतो तिथे दोरीवर जादा धागा गुंडाळलेला असतो, त्या सर्व्हिंगवर मेण नको.

वड्या बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात, वर प्रमाण आणि तारीख लिहून. मागच्या वर्षीच्या डब्यावर मी नुसतं ‘मेण’ लिहिलेलं आणि आजीने त्यातली अर्धी वडी टाचांना लावली. राळेमुळे चप्पल चिकटली म्हणून दोन दिवस माझ्या नावाने शिव्या.