आपल्या घोट्याचे आणि पावलाचे सांधे बोटांनी कसे ओळखावेत

पाय मुरगळला की आपण सांगतो, ‘घोटा दुखतोय.’ समोरचा विचारतो, ‘नेमकं कुठे?’ मग आपण अख्खा तळहात घोट्याभोवती फिरवतो आणि म्हणतो, ‘इथे, असं सगळीकडेच.’ तपासणाऱ्याला यातून काहीच हाती लागत नाही. बोलण्यात आपण ज्याला घोटा म्हणतो, तिथे एकाखाली एक असे दोन वेगळे सांधे आहेत. दोघांची कामं वेगळी, दोघांची दुखणीही वेगळी. त्यांच्या पुढे पावलात आणखी बरेच. एका पावलात २६ हाडं असतात आणि सांधे मोजायला बसलं तर आकडा ३०च्या वर जातो.

सगळे पाठ करायची गरज नाही. पाच-सहा खुणा बोटाला सापडल्या की बाकीचे आपोआप जागेवर बसतात. अर्धा तास आणि पुसता येईल असं एक पेन, एवढं पुरे.

सुरुवात करण्याआधी

मोजे काढा, खुर्चीवर बसा आणि एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा. पाऊल सैल सोडा. स्नायू ताणलेले असले की कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, वर येतात आणि खालचं हाड हरवतं. दाबताना बोटाचा गर वापरा, नख नको. पाय नुकताच मुरगळला असेल, सुजला असेल, तर हा अभ्यास दुसऱ्या, चांगल्या पायावर करा.

१. दोन्ही बाजूंचे उंचवटे

घोट्याच्या आतल्या बाजूला एक टेंगूळ आहे, बाहेरच्या बाजूला एक. ती एकाच हाडाची दोन टोकं नाहीत. आतलं टोक नडगीच्या जाड हाडाचं, म्हणजे टिबियाचं. बाहेरचं टोक तिच्या शेजारून खाली येणाऱ्या बारीक हाडाचं, फिब्युलाचं.

आता अंगठा एका टोकावर आणि मधलं बोट दुसऱ्यावर ठेवा आणि वरून पाहा. दोन्ही टोकं समोरासमोर येत नाहीत. बाहेरचं टोक अधिक खाली आणि थोडं मागे आहे. दोन्ही टोकांवर पेनाने ठिपका द्या.

हा तिरपेपणा वाटतो तेवढा किरकोळ नाही. बाहेरून फिब्युला खोलवर उतरून आधार देते, तर आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला भक्कम अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, असतो. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला सहसा धजत नाही. आत मात्र सहज वळतं. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा तळवा आत वळून, आणि दुखतं ते बाहेरच्या बाजूला.

२. खरा घोटा

दोन्ही उंचवट्यांच्या मध्ये जी खाच तयार होते, तिच्यात टॅलस नावाचं हाड ठोकळ्यासारखं बसलेलं असतं. हाच घोट्याचा मुख्य सांधा. पाऊल वर आणि खाली, जवळजवळ एवढंच त्याचं काम. वर साधारण २० अंश, खाली ५० अंशांच्या आसपास.

तो शोधायला आतल्या उंचवट्याच्या पुढच्या कडेवर बोट ठेवा आणि टोकापासून सुमारे एक सेंटिमीटर वर, पायाच्या पुढच्या बाजूला सरका. पाऊल हळूहळू वरखाली करा. बोटाखाली एक फट उघडते आणि मिटते. समोर मधोमध जाड कंडरा आहेत, तिथे चाचपडू नका. त्यांच्या आतल्या कडेला फट जास्त स्पष्ट लागते.

आता टाच हातात धरून एक छोटा प्रयोग करा. पाऊल वर खेचलेलं ठेवून टाच डावीउजवीकडे हलवून पाहा. मग पाऊल खाली सोडून तेच करा. दुसऱ्या वेळी सगळं सैल लागेल. टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल वर घेतलं की रुंद भाग खाचेत पाचरीसारखा अडकतो, खाली सोडलं की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा ढिला पडतो. जिना उतरताना किंवा उंच टाचांच्या चपलेत पाय का मुरगळतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

टॅलसबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण हे हाड खरोखर विचित्र आहे. अख्ख्या शरीराचं वजन त्याच्यावरून पावलात उतरतं, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. वर, खाली, पुढे, सगळीकडे सांधेच. त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेने, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाने, झाकलेला आहे. कूर्चेतून रक्तवाहिन्या आत शिरू शकत नाहीत, त्यांना उरलेल्या थोड्या जागेतूनच वाट काढावी लागते. म्हणून टॅलसची मान, म्हणजे त्याचा पुढचा अरुंद भाग, मोडली तर मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटण्याची आणि तो भाग निर्जीव होण्याची भीती असते. साध्या मुरगळण्याने असं होत नाही. त्यासाठी उंचावरून पडणं किंवा वाहनाचा अपघात असा जबर मार लागतो.

३. घोट्याखालचा सांधा

टॅलसच्या खाली टाचेचं हाड, कॅल्केनियस. पावलातलं हे सगळ्यांत मोठं हाड. या दोघांमधला सांधा बहुतेकांना माहीतच नसतो. एका हाताने नडगी घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत टाच घ्या, पाऊल काटकोनात ठेवा आणि टाच आत-बाहेर वळवा. आत जास्त वळते, बाहेर बरीच कमी. हे वळणं मुख्यतः या खालच्या सांध्याचं आहे.

त्याची खूण बाहेरच्या बाजूला सापडते. बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित पुढे आणि खाली एक खळगा आहे. त्यात बोट दाबून ठेवा आणि पाऊल आत वळवा, खळगा उघडतो. बाहेर वळवा, मिटतो. आतल्या बाजूला, उंचवट्याच्या टोकापासून बोटभर खाली हाडाची एक छोटी फळी लागते. टॅलस तिच्यावर टेकलेला असतो.

उंचसखल जमिनीवर, दगडावर अर्धा पाय पडला तरी आपण उभे राहतो ते या सांध्यामुळे. तो जखडला तर सपाट रस्त्यावर फारसं बिघडत नाही, पण खडबडीत वाटेवर दर पावलाला त्रास होतो.

एक गंमत. खळग्याच्या जरा पुढे अनेकांना मऊ फुगवटा लागतो आणि ‘ही सूज कसली?’ म्हणून ते घाबरतात. बोटं वर उचलून पाहा. फुगवटा कडक झाला तर तो स्नायू आहे, पायाची बोटं वर उचलणारा. दुसऱ्या पायावरही तो तिथेच सापडेल.

४. पावलाचा मधला भाग

आतल्या उंचवट्यावरून दोन-अडीच सेंटिमीटर पुढे आणि खाली या. एक ठसठशीत हाड लागेल. हे नॅव्हिक्युलर, होडीच्या आकाराचं. कमानीचा सर्वांत उंच भाग याच्या आसपास असतो. काहींना इथे जन्मतः एक जादा हाड असतं, त्यामुळे उंचवटा मोठा दिसतो आणि बूट घासतो.

आता बाहेरच्या कडेवर, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर चाचपा. जे टोक बाहेर आलेलं लागतं, ते करंगळीच्या लांब हाडाचं मूळ, म्हणजे पाचव्या मेटाटार्सलचं. दोन्हीवर ठिपके द्या.

या ठिपक्यांच्या आधाराने दोन रेषा मनात आखा. पहिली नॅव्हिक्युलरच्या लगेच मागून आडवी बाहेर जाते. तिला शोपार सांधा म्हणतात, फ्रेंच शल्यविशारद फ्रांस्वा शोपार (१७४३–१७९५) यांच्या नावावरून. दुसरी पाचव्या मेटाटार्सलच्या मुळापासून निघते आणि तिरपी पुढे सरकत पावलाच्या आतल्या कडेला पोचते. तो लिस्फ्रांक सांधा, फ्रेंच शल्यविशारद झाक लिस्फ्रांक (मृत्यू १८४७) यांच्या नावाचा. दोघांची नावं टिकली ती पाऊल कापण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. भूल यायच्या आधीच्या त्या काळात हाड करवतीने कापण्यापेक्षा सांध्यातून वेगळं करणं झटपट होत असे, आणि रुग्णाच्या दृष्टीने एकेक सेकंद मोलाचा होता.

लिस्फ्रांक रेषेत एक खुबी आहे. एका हाताने पावलाचा मधला भाग धरा आणि दुसऱ्या हाताने मेटाटार्सल हाडांची पुढची डोकी एकेक करून वरखाली हलवा. अंगठ्याचं थोडं हलतं, चौथं-पाचवं बरंच हलतं, दुसरं मात्र जवळजवळ हलतच नाही. त्याचं मूळ इतरांपेक्षा मागे, शेजारच्या हाडांच्या बेचक्यात रुतून बसलेलं असतं. दगडी कमानीत मधला दगड जे काम करतो, तेच हे हाड इथे करतं.

५. अंगठा आणि कमान

उभे राहा, वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवा. कुणाला तरी तुमचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. तुम्ही स्वतः जोर लावू नका. पावलाची कमान आपोआप वर चढलेली दिसेल. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. अंगठा वर गेला की तो चवड्याच्या गोलाईवर गुंडाळला जातो, आखडतो आणि कमान उचलतो. ब्रिटिश संशोधक हिक्स यांनी १९५४मध्ये याची तुलना दोर गुंडाळणाऱ्या रहाटाशी केली. चालताना पाऊल मागे ढकलायच्या क्षणी मऊ पाऊल कडक तरफ बनतं, त्यात याचा मोठा वाटा आहे. अंगठ्याचा सांधा आखडला की म्हणूनच सगळी चाल बिघडते.

आता बसून अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने दाबा आणि अंगठा हलवा. वाटाण्याएवढी दोन हाडं बोटाखाली सरकतात. ती कंडरेत बसलेली असतात आणि २६च्या हिशेबात धरलेली नाहीत. बाकीच्या बोटांचं फार काही सांगण्यासारखं नाही. अंगठ्यात दोन पेरी, इतरांत तीन. करंगळीची शेवटची दोन पुष्कळांत जन्मतःच जुळलेली असतात.

६. पाय मुरगळला तर याचा उपयोग

बाहेरच्या उंचवट्याच्या पुढच्या कडेवरून एक अस्थिबंध टॅलसकडे पुढे जातो. मुरगळल्यावर बहुतेक वेळा इजा होते ती यालाच. म्हणजे दुखणारी जागा उंचवट्याच्या पुढे आणि जरा खाली, मऊ भागात असते.

हाड मोडल्याची शंका कधी घ्यावी, यासाठी कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२मध्ये नियम मांडले. ते आपण काढलेल्या ठिपक्यांवरच उभे आहेत. चार जागा तपासायच्या: बाहेरच्या उंचवट्याची मागची कड (टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत), आतल्या उंचवट्याची तशीच मागची कड, पाचव्या मेटाटार्सलचं मूळ, आणि नॅव्हिक्युलर. यांतल्या कुठल्याही हाडावर दाबून दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. बोटं बधिर असतील, पाऊल वाकडं दिसत असेल किंवा गार पडलं असेल, तर ठिपके मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. मधुमेहाने पावलाची संवेदना कमी झाली असेल तर दुखत नाही याचा अर्थ मोडलं नाही असा घेता येत नाही.

या चार जागांत न बसणारी एक खूण वेगळी लक्षात ठेवा. पाऊल पुढच्या बाजूने पिळवटलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी तळव्याच्या मधोमध काळानिळा डाग उमटला, तर लिस्फ्रांक रेषेतले अस्थिबंध तुटलेले असू शकतात. पडून काढलेल्या एक्स-रेमध्ये ही इजा कधी कधी दिसत नाही. डॉक्टरांना डाग दाखवा आणि उभं राहून, पायावर वजन देऊन एक्स-रे काढायचा का, ते विचारा.