फिर्याद दिल्यावर पुढे काय करायचं

मी अकरा वर्षं कोर्ट पैरवीला होतो. साक्षीदारांना समन्स पोचवायचं, तारखेला हजर ठेवायचं, हेच काम. त्यावरून सांगतो, केस खरी बिघडते ती पहिल्या कागदावर.

सही करण्याआधी फिर्याद शब्दन्‌शब्द वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. मंगळसूत्र हिसकावल्याच्या एका केसमध्ये फिर्यादीत वेळ पडली होती रात्री साडेनऊ. बाई कोर्टात म्हणाल्या साडेसात. चूक लिहिणाऱ्याची होती, पण सही बाईंची. उलटतपासणीत वकिलांनी कागद पुढे धरला, "ही सही तुमचीच ना?" बाई पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या. मला ते अजून दिसतं.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच ठाण्यातून निघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू आहे. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा.

आरोपीला जामीन झाला की लोक खचतात. खचू नका, केस चालूच असते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर तपासी अंमलदाराला लेखी विचारा.

आता समरी, म्हणजे खटला न भरता तपास बंद करण्यासाठी पोलीस कोर्टात देतात तो अहवाल. 'अ' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळत नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली, किंवा प्रकरण दिवाणी. समरी मंजूर करण्याआधी कोर्टाची नोटीस तुम्हाला येते, आणि ती घरात पडून राहिली की केस तिथेच मिटते. मी तर म्हणेन, सगळ्या कागदांत हा जपा. तारखेला जाऊन लेखी हरकत घ्या. पुढचा तपास करायला मॅजिस्ट्रेट सांगू शकतात.

दोषारोपपत्र दाखल झालं की १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टातला केसचा ओळख क्रमांक, मिळवा, तारखा ई-कोर्ट्‌स ॲपवर दिसतात. साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटा, फिर्याद पुन्हा वाचा. आठवत नसेल तर तसंच सांगा, अंदाज ठोकू नका.

आरोपी सुटला तर पीडित स्वतः अपील करू शकतो. निकालाच्या दिवशीच निकालाच्या नकलेचा (प्रतीचा) अर्ज टाका, अपिलाची मुदत तेव्हापासूनच सुरू होते.