लिश्मेनियाच्या एलपीजीवर काम सुरू करताना

लिश्मेनिया परजीवी राहतो तो ज्या मॅक्रोफेज पेशीने (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीने) त्याला पचवायचं, तिच्याच पोटात. त्याच्या अंगावरच्या लिपोफॉस्फोग्लायकॅनवर, म्हणजे एलपीजीवर, काम करणाऱ्यांनी आधी परजीवीची अवस्था पाहावी. गॅलॅक्टोज, मॅनोज आणि फॉस्फेटचा तुकडा पुन्हापुन्हा जोडून ही साखळी बनते. लिश्मेनिया मेजर या प्रजातीच्या प्रोसायक्लिक (वाढणाऱ्या, संसर्ग न करणाऱ्या) अवस्थेत असे साधारण १५ तुकडे असतात, मेटासायक्लिकमध्ये (संसर्गक्षम अवस्थेत) सुमारे दुप्पट. फॅगोसोमचं (गिळलेला परजीवी ज्यात असतो त्या पिशवीचं) लायसोसोमशी (पाचक पिशवीशी) एकत्र येणं एलपीजी लांबवतं. मॅक्रोफेजमध्ये अमॅस्टिगोट (परजीवीचं पेशीच्या आत राहणारं रूप) तयार झाला की एलपीजी जवळपास नाहीसं होतं. म्हणून एलपीजीचं काम पहिल्या काही तासांचं.

परजीवी वाढवायला एम१९९ हे पोषक माध्यम, १०% सीरम (५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं), तापमान २६ अंश. मिलीलिटरला १ लाख पेशींनी सुरुवात केली की ५-७ दिवसांत वाढ थांबते. पण वाढ थांबली म्हणजे सगळे मेटासायक्लिक झाले असं नाही, आणि नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. मेजरसाठी पेशी दोनदा धुऊन शेंगदाण्याचं लेक्टिन (शर्करेला चिकटणारं प्रथिन) मिलीलिटरला ५०-१०० मायक्रोग्रॅम घाला, ३० मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) फिरवा. प्रोसायक्लिकच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला लेक्टिन चिकटतं, त्यांच्या गुठळ्या तळाशी बसतात. मेटासायक्लिकमध्ये त्यावर अरॅबिनोजचं झाकण असतं, ते वरच्या द्रवात राहतात. प्रजाती बदलली की शर्कराही बदलतात, तेव्हा ही कृती डोळे झाकून उचलू नका.

एका मॅक्रोफेजला १० परजीवी द्या. ४ तासांनी तीनदा धुवा. मेजरसाठी ३४ अंशांवर ठेवा, डोनोवानी प्रजातीसाठी ३७. गिम्सा रंगाने रंगवून ४, २४ आणि ७२ तासांना निदान २०० मॅक्रोफेज मोजा. ४ तासांचा आकडा शिरकाव सांगतो, ७२ तासांचा तग. बाहेर नुसते चिकटलेले परजीवीही आत शिरल्यासारखे दिसतात. मॅक्रोफेजच्या पटलाला छिद्रं न पाडता एलपीजीविरोधी अँटिबॉडी लावली, तर फक्त बाहेरचेच उजळतात.

म्युटंट (जनुक काढलेला वाण) निवडताना फार जपा. एलपीजी१ जनुक काढलं की फक्त एलपीजी जातं. एलपीजी२ काढलं तर गॉल्जीत (पेशीत शर्करा जोडल्या जातात त्या भागात) मॅनोज पोचवणारा वाहक जातो आणि सगळेच फॉस्फोग्लायकॅन (अशाच शर्करा-फॉस्फेट साखळ्यांचे रेणू) बिघडतात. तो परिणाम एकट्या एलपीजीच्या नावावर मांडणं चूक. जनुक परत घातलेला वाण सोबत हवाच. मेजरमध्ये एलपीजी१ गेल्यावर संसर्ग मंदावतो, मेक्सिकाना प्रजातीत मात्र मॅक्रोफेजमधल्या वाढीवर परिणाम दिसत नाही.

शुद्ध केलेलं एलपीजी थेट पेशींवर घालणार असाल तर आधी एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस) तपासा. जिवाणूंच्या एलपीएसचा अंशही मॅक्रोफेजला चेतवतो, आणि ते श्रेय फुकट एलपीजीला जातं.