रात्रीच्या जेवणासाठी पिठले-भाकरी
घरात भाजी नसते आणि उशीर झालेला असतो, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य घरांत रात्री पिठले-भाकरीच होते. एक वाटी डाळीचे पीठ तीन वाट्या पाण्यात गुठळी न राहू देता कालवावे. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग व हळद यांची फोडणी करावी आणि तीत ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या व बारीक चिरलेला कांदा परतावा. येथे तेलाची काटकसर मला तरी मान्य नाही. मग कालवलेले पीठ व मीठ घालून सतत ढवळावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे वाफ आणावी, म्हणजे कच्चट वास जातो.

खरे कौशल्य भाकरीत आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लूटेन नसल्यामुळे त्याला चिकटपणा कमी असतो. म्हणून, विशेषतः पीठ जुने असेल तर, कढत पाणी घालावे आणि एका भाकरीपुरताच गोळा तळहाताने रगडून मळावा. परातीत कोरडे पीठ पसरून भाकरी थापावी, पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकावी व तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवावा. ते पाणी पुरते सुकण्याआधीच भाकरी उलटावी, अन्यथा तिला भेगा पडतात. पाणी लावलेली बाजू भाजली की दुसरी बाजू थेट विस्तवावर धरावी. भाकरी टम्म फुगते. सोबत कांदा चिरलेला चालतो, परंतु बुक्कीने फोडलेलाच शोभतो.