आयडलला मिस मारणारं जुनं व्ही-८: दोष कुठे शोधायचा?

गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते, सायलेन्सरचा ठेका मधूनच चुकतो, पण ॲक्सिलरेटर दाबला की सगळं सुतासारखं सरळ. हेच आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) मिस मारणं, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटणं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तिथे शेवटी जायचं. कार्ब्युरेटर फिरवून ठेवला की मूळ दोष झाकला जातो आणि शोधायच्या गोष्टी एकाच्या दोन होतात.

इथे नमुना म्हणून १९६९ चा शेव्हरले कमारो धरला आहे: ३५० घन इंची स्मॉल ब्लॉक, पॉइंटचा (यांत्रिक स्विचचा) डेल्को डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा भाग, रोचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. त्या काळातल्या इतर अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनांना तपासणीचा क्रम हाच लागू पडतो, आकडे मात्र त्या त्या गाडीचे घ्यावे.

आधी एक शंका फेडून घ्या. इंजिनात कुणी गरम कॅम (जास्त ताकदीसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) बसवला असेल तर ते आयडलला डुलतंच, त्याला मिसिंग म्हणत नाहीत. डुलणं ठेक्यात असतं आणि वेग किंचित वाढवला की जातं. एखादा सिलिंडर मारत नसेल तर ठेक्यात एक जागा रिकामी ऐकू येते. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरून पाहा. कागद बाहेर ढकलला जायला हवा. तो मधूनच आत ओढला जात असेल, तर मिसिंग आहेच, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळल्याचीही शक्यता आहे.

एक सिलिंडर की सगळे?

पुढचं सगळं या प्रश्नावर ठरतं. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट लावा, सैल कपडे पंख्यापासून लांब ठेवा. आता रबरी मुठीच्या पकडीने डिस्ट्रिब्युटर कॅपवरची प्लग वायर एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी त्या टॉवरमधला (कॅपवरच्या वायरीच्या खोबणीतला) करंट जंपर वायरने अर्थ करा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात. ज्याच्या वायरीने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. पुढे कुणी एचईआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्युटर बसवला असेल तर हा प्रयोग करू नका, त्याचा झटका फार जोराचा असतो. तिथे इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट पोर्टजवळचं तापमान मोजा, मेलेला सिलिंडर थंड सापडतो. मूळ बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असेल तर ३ व ५ आणि ४ व ६ यांची एक्झॉस्ट पोर्टं शेजारीशेजारी येतात, म्हणून तिथल्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास नको.

चालकाच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि पलीकडे २, ४, ६, ८. फायरिंग ऑर्डर (पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२, रोटर वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. कागदावर निकाल या क्रमाने लिहा. क्रमात एक सोडून एक असे चार सिलिंडर, म्हणजे १, ४, ६, ७ किंवा ८, ३, ५, २, अशक्त निघाले तर प्लग बदलत बसू नका. दोन मजली इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत) कार्ब्युरेटरची एक बाजू नेमक्या याच चौघांना पोसते, म्हणून त्या बाजूच्या आयडल मार्गात कचरा आहे किंवा पेट्रोल जास्त जातंय. ५ आणि ७ यांच्यातच गडबड असेल तर त्यांच्या वायरी पाहा. हे दोन शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात, त्यामुळे वायरी एकमेकींना चिकटून समांतर गेल्या की एकीतला करंट दुसरीत उतरतो. त्या लांब ठेवा.

करंट

अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवलं की गळका करंट निळसर दिसतो. वायरी ओहम मीटरने मोजा. कार्बनच्या वायरीला फुटामागे काही हजार ओहम चालतात, पण एखादी बाकीच्यांहून खूप वेगळी निघाली तर ती बाद. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅपही बाद. प्लगची फट ०.०३५ इंच.

पॉइंट नवे असतील तर फट ०.०१९ इंच, वापरलेले असतील तर ०.०१६. खरं माप मात्र ड्वेलचं, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात त्या कोनाचं: ३० अंश, चालेल २८ ते ३२. डेल्कोच्या कॅपला सरकती खिडकी आहे. चालू इंजिनावर तिच्यातून १/८ इंची ॲलन चावी घालून ड्वेल जुळवता येतो. मीटर नसेल तर स्क्रू उजवीकडे फिरवत इंजिन मिस मारायला लागेपर्यंत जा आणि अर्धा फेरा मागे या. फेऱ्या वाढवल्यावर ड्वेल तीन अंशांहून जास्त हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचं बुश झिजलंय; नवे पॉइंट टाकून उपयोग नाही. पॉइंट लवकर निळे पडून खड्डे पडत असतील तर कंडेन्सर बदला.

ड्वेल आधी, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नंतर, कारण ड्वेल हलला की टायमिंगही हलतं. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनातल्या व्हॅक्यूमने ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि टायमिंग लाइटने गाडीवरच्या स्टिकरच्या आकड्याशी जुळवा. एवढ्या जुन्या इंजिनात बॅलन्सरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या, टायमिंगची खूण असलेल्या चाकाची) बाहेरची कडी रबरावरून सरकलेली असू शकते. आकडा बरोबर दाखवूनही गाडी रडत असेल, तर पिस्टन स्टॉपने (प्लगच्या भोकातून घालायच्या अडसराने) पहिल्या सिलिंडरचा वरचा बिंदू पडताळून घ्या.

हवेची गळती

आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, म्हणून बारीक फटीतली हवाही मिश्रण पातळ करते. वेगात तीच हवा नगण्य ठरते. दोष फक्त आयडलला दिसतो, याचं हे नेहमीचं कारण.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडा. मूळ कॅमच्या निरोगी इंजिनात काटा १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर राहतो. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करा. डेन्व्हरमध्ये (उंची सुमारे पाच हजार फूट) पाच इंच कमी दिसले तर घाबरायला नको. काटा ठरावीक ठेक्याने आपटत असेल तर एका सिलिंडरचा दोष, बहुधा व्हॉल्व्हचा. स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. संथ तरंगत असेल तर मिश्रण.

ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातला वायू परत इनटेकमध्ये नेणारा व्हॉल्व्ह) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरची (व्हॅक्यूमवर चालणाऱ्या भागाची) नळी एकेक करून दाबा. जी दाबल्यावर इंजिन सुधारतं, तिथे गळती. टर्बो ३५० गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरच्या नळीत तेल सापडलं तर आतला पडदा फाटलाय. ते तेल इंजिन ओढून घेतं आणि पांढरा धूर सोडतं. कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि इनटेक गॅस्केटच्या कडेला न पेटवलेला प्रोपेन नळीने फिरवा, गळतीपाशी फेऱ्या बदलतात. क्लीनरचा स्प्रेही चालतो, पण गरम एक्झॉस्टवर तो पेटतो. दोन्हीतलं काहीही वापरा, अग्निशामक हाताशी हवाच.

गॅस्केट खालून, लिफ्टरच्या दरीकडे (सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या पोकळीकडे) फुटलं असेल तर प्रोपेनला ते सापडत नाही. पीसीव्ही काढून तिची नळी बंद करा, ब्रीदरही (इंजिनाच्या पोटात हवा जायची वाट) बंद करा आणि तेलाच्या झाकणावर तळहात ठेवा. आत ओढल्यासारखं वाटलं तर दोष तिथेच. त्या सिलिंडरचा प्लगही तेलकट निघतो.

कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्ह

मेलेल्या सिलिंडरला करंट चांगला आहे, हवाही गळत नाही, तर आता कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, कॉइल सोडवा, थ्रॉटल पूर्ण उघडा. १५० पीएसआयच्या आसपास उत्तम. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांहून खाली नको. कमी असेल तिथे चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. दोन शेजारी सिलिंडर पडलेले असतील तर हेड गॅस्केट.

कॉम्प्रेशन ठीक, तरी कार्ब्युरेटरमधून फटाफट आवाज येत असेल तर व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) किती हलतात ते पाहा. या इंजिनांत कॅमचा लोब (फुगवटा) घासून जाणं नवं नाही, आणि आजच्या बहुतेक तेलांत झिंकचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी आहे. एखादा रॉकर बाकीच्यांहून स्पष्ट कमी उचलला जात असेल तर कॅम आणि लिफ्टर दोन्ही बदलावे लागतील.

आता कार्ब्युरेटर

इंजिन आयडलला असताना वरून टॉर्च मारून घशात बघा. नोझलमधून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची (तरंगणाऱ्या गोळ्याची) पातळी किंवा नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) बिघडलीय. ठिबकत नसेल तर दोन्ही मिश्रण स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घाला, जोर लावला तर टोक खराब होतं. मग प्रत्येकी अडीच फेरे बाहेर आणा आणि गेजवर सर्वांत जास्त व्हॅक्यूम मिळेपर्यंत दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या फिरवा. एखादा स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिनाला पत्ताच नसेल, तर थ्रॉटल आयडल स्क्रूने जास्त उघडून ठेवलाय आणि पेट्रोल वरच्या चिरेतून येतंय. आयडल स्क्रू मागे घ्या. त्याने गाडी बंद पडत असेल तर परत टायमिंगपाशी जा.