जुनी केबिन उघडलीत? झाडू लगेच उचलू नका

अमेरिकेच्या वनखात्याच्या डोंगरातल्या जुन्या केबिन भाड्याने मिळतात. त्यातल्या काही १९३० च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या बेरोजगारांसाठीच्या सरकारी योजनेतल्या तरुण पोरांनी बांधलेल्या आहेत. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर. बऱ्याच ठिकाणी ते ६ महिने आधी उघडतं. स्वागताला तिथे कुणी नसतं, उंदीर मात्र असू शकतात.

कचरा दिसला की आपला हात आधी झाडूकडे जातो. इथे तो आवरा. डिअर माउस जातीच्या उंदरांच्या लेंड्यांतून आणि मुतातून हंटाव्हायरस हा फुप्फुसांना घातक विषाणू पसरतो. सुकी घाण झाडली की तो धुळीबरोबर श्वासात जातो. म्हणून दारं-खिडक्या सताड उघडून अर्धा तास बाहेर बसा, थर्मासमधला चहा घ्या. मग रबरी हातमोजे घालून १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर चिंब मारा. ५ मिनिटांनी कागदी टॉवेलने टिपून घ्या. कपाटाचे कोपरे आणि गादीखालची फळी हमखास राहून जाते.

शेगडीत लाकडं पेटवण्याआधी धुराड्याची झडप उघडी आहे ना, ते बघा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी, वास नसलेल्या वायूची सूचना देणारा बॅटरीवरचा अलार्म सोबत असू द्या.

बहुतेक केबिनमध्ये नळ नसतो. माणशी रोजचं ४ लिटर पाणी घरूनच न्या, भांड्यांसाठी वेगळं. आणि चिवड्याचा डबा रात्री व्हरांड्यात नको, अस्वलांचा मुलूख आहे.