ड्रममध्ये नक्की किती लिटर पाणी मावतं?

आमच्या ऐरोलीत उद्या पाणी नाही असा मेसेज आला की सगळे बादल्या, टोप, कळशा जे मिळेल ते भरत सुटतात, पण एकूण साठलं किती विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. बादलीचं सोपं आहे, सामानाचा हुकवाला वजनकाटा असेल तर आधी रिकामी बादली तोला मग भरलेली, फरक जितके किलो तितके लिटर कारण 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो (तेलाला हे लावू नका, 1 लिटरच्या तेलाच्या पिशवीवर साधारण 910 ग्रॅम लिहिलेलं असतं बघा). आमची 20 लिटर म्हणून घेतलेली बादली न सांडता उचलता येईल इतकी भरली तर जेमतेम 17 निघाली!

ड्रम काही तोलता येत नाही, त्याला टेप लावायचा. आतली रुंदी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, त्याला 0.785 ने गुणा आणि 1000 ने भागा. रुंदी 40, उंची 60 असेल तर साधारण 75 लिटर. मधे फुगलेला ड्रम असेल तर थोडं जास्तच भरेल. मी आमच्या ड्रमवर बाहेरून मार्करने आकडा लिहूनच टाकलाय.